हयातीच्या दाखल्याला नोव्हेंबरचीच अट कशासाठी?

बडोद्याच्या मराठी घरांना पेन्शन हा शब्द नवा नाही. गायकवाडी नोकरीपासून रेल्वे, पोस्ट, केंद्र सरकारची खाती, सरकारी शाळा, विद्यापीठ असे करत आपल्या तीन-चार पिढ्यांनी चाकरी केली आणि निवृत्तीनंतर महिन्याकाठी येणाऱ्या रकमेवर मानाने संसार चालवला. आता त्याच घरांतली मुले-मुली न्यू जर्सी, टोरांटो, लंडन, सिडनी, मस्कत इथे स्थिरावली आहेत. त्यांच्या पाठोपाठ आईवडीलही जाऊ लागले. कुणी बाळंतपणासाठी सहा महिने, कुणी आजारपणामुळे वर्षभर, तर कुणी दांडिया बाजारातले घर बंद करून कायमचे. माणूस तिकडे गेला तरी पेन्शन मात्र इथल्याच शाखेत जमा होते. त्या दोघांना बांधून ठेवणारा धागा एकच आहे आणि तो म्हणजे वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला.

हा धागा तुटला की काय होते, ते बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या आमच्यासारख्याला दर डिसेंबरात दिसते. म्हणून या अंकात आम्ही इतर विषय बाजूला ठेवून एकच मागणी मांडत आहोत. परदेशात राहणाऱ्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला वर्षातल्या कोणत्याही महिन्यात स्वीकारावा आणि तो दिल्या तारखेपासून बारा महिने ग्राह्य धरावा. ही मागणी अवास्तव नाही, नवीही नाही. आपल्याच देशातल्या लाखो पेन्शनरांना ही सोय आज मिळते आहे. ती कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, ते पुढे पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. दाखला मागूच नये, असे आमचे म्हणणे नाही. पेन्शन हा जनतेचा पैसा आहे आणि तो हयात माणसालाच गेला पाहिजे. २०१० साली जपानमध्ये टोकियो शहरात कागदोपत्री १११ वर्षांचे असलेले एक गृहस्थ प्रत्यक्षात सुमारे तीस वर्षांपूर्वीच घरात मरण पावल्याचे उघड झाले आणि घरचे लोक इतकी वर्षे पेन्शनचे पैसे उचलत होते. इतक्या शिस्तीच्या देशात हे घडू शकते, तर आपल्याकडे काळजी घ्यायलाच हवी. पण चूक उलट्या बाजूनेही होते. उत्तर प्रदेशात आझमगड जिल्ह्यातल्या लाल बिहारी यांना महसुली कागदांवर मृत ठरवले गेले होते आणि आपण जिवंत आहोत हे सरकारकडून कबूल करून घ्यायला त्यांना १९९४ सालापर्यंत झगडावे लागले. मेलेला माणूस कागदावर जिवंत राहणे ही चोरी, आणि जिवंत माणूस कागदावर मरणे हा अन्याय. नियम दोन्ही टाळणारा असावा. आपल्या यंत्रणेचे सगळे लक्ष पहिल्याकडे आहे, दुसऱ्याकडे जवळजवळ नाही.

शिवाय पेन्शन हा उपकार नव्हे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात निवाडा दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींच्या त्या घटनापीठाने पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नसून केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे, हे ठामपणे सांगितले. पेन्शनर संघटना तो दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात. हक्काच्या पैशाला अटी असू शकतात, पण त्या पाळता येण्याजोग्या असाव्यात, एवढे तरी त्या निवाड्यानंतर गृहीत धरायला हवे.

आता नियम काय आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या पेन्शनरांनी दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा असतो. ८० वर्षांवरील पेन्शनरांना २०१९ सालापासून १ ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. दाखला आला नाही तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते. तो पुढे मिळाला की थकबाकीसह पेन्शन पुन्हा सुरू होते हे खरे, पण खंड काही वर्षांचा झाला तर शाखेच्या हातात काही राहत नाही, कागद वर जातात आणि मग त्यांना त्यांच्या गतीने यावे लागते. गुजरात राज्य सरकारच्या पेन्शनरांची गोष्ट वेगळी. त्यांची हयातीची खराई मे ते जुलै या तीन महिन्यांत होते. 'हयात' हा शब्द मराठीत आणि गुजरातीत एकच असल्यामुळे आपल्याकडच्या आजींना तो समजावून सांगावा लागत नाही. समजावून सांगावा लागतो तो महिना.

परदेशात असलेल्यांसाठी नियमात स्वतंत्र तरतूद आहे, आणि ती बरीच उदार आहे. भारतात राहत नसलेल्या पेन्शनराने आपला मुखत्यार नेमलेला असेल आणि त्या मुखत्याराने मॅजिस्ट्रेट, नोटरी, बँकेचा अधिकारी किंवा भारताचा राजनैतिक प्रतिनिधी यांपैकी कुणाही एकाची सही असलेला दाखला आणून दिला, तर पेन्शनराने स्वतः शाखेत येण्याची गरज नाही. भारतात येणे शक्य नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतला अधिकृत अधिकारी पेन्शनच्या कागदावरचा किंवा पासपोर्टवरचा फोटो पाहून ओळख पटवू शकतो आणि दाखला देऊ शकतो. वकिलातीपर्यंत जाण्याइतकीही प्रकृती नसेल, तर डॉक्टरचे तसे प्रमाणपत्र जोडून कागदपत्रे टपालाने वकिलातीकडे पाठवता येतात. म्हणजे कायदा करणाऱ्याने म्हाताऱ्या माणसाचा विचार केला आहे. अडते ते कायद्यात नव्हे, कायदा आणि काउंटर यांच्या मधल्या अंतरात.

एक उदाहरण देतो. शाखा कोणती, हे सांगण्यात अर्थ नाही, कारण अशा शाखा पुष्कळ आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेले आपल्यातलेच एक काका मुलाकडे अमेरिकेत राहतात. त्यांच्या गावापासून भारतीय वकिलात मोटारीने पाच तासांवर. त्यांनी जवळच्या नोटरीसमोर सही करून दाखला पाठवला आणि पुतण्या मुखत्यारपत्रासह तो घेऊन शाखेत गेला. शाखेतून उत्तर आले, "परदेशातला नोटरी चालत नाही, वकिलातीचाच शिक्का लागतो." पुतण्याने हुज्जत घातली नाही, तो परत आला. काकांची पेन्शन तीन महिने बंद राहिली. शेवटी कुणीतरी नियमाची प्रत छापून नेली तेव्हा तोच दाखला, त्याच सहीचा, त्याच शाखेत घेतला गेला.

इथे काउंटरवरच्या माणसाचीही बाजू सांगायला हवी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. परदेशी नोटरीचा शिक्का त्याने आयुष्यात दोनदा पाहिलेला असतो. तो खरा की खोटा, हे ठरवण्याचे साधन त्याच्याकडे नसते. चुकून मृत माणसाच्या खात्यात पेन्शन गेली तर वसुलीचा प्रश्न येतो, ऑडिटचा शेरा येतो आणि सही कुणाची, हा पहिला प्रश्न विचारला जातो. दाखला नाकारल्याबद्दल मात्र कुणालाही कधी जाब विचारला जात नाही. जिथे हो म्हणण्यात धोका आहे आणि नाही म्हणण्यात काहीच नाही, तिथे माणूस नाहीच म्हणणार. नोव्हेंबरात तर समोर रांग असते, त्यामुळे विचार करायलाही उसंत नसते. म्हणून हा प्रश्न एखाद्या कर्मचाऱ्याच्या स्वभावाचा नाही, व्यवस्थेच्या रचनेचा आहे.

मग डिजिटल सोय आहे ना, असे कुणी म्हणेल. आहे, आणि ती खरोखरच उपयोगी आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही योजना सुरू झाली. आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बाहुली यांवरून ओळख पटवून दाखला थेट संगणकावर तयार होऊ लागला. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसे उमटत नाहीत, ही अडचण लवकरच लक्षात आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. आता ठशाचे यंत्र लागत नाही, घरातला साधा स्मार्टफोन पुरतो. जीवन प्रमाणचे ॲप आणि चेहरा ओळखणारे आधारचे ॲप अशी दोन ॲप उतरवून घ्यायची, माहिती भरायची, कॅमेऱ्याकडे पाहायचे, डोळे मिचकवायचे की झाले. प्रमाण आयडी मोबाइलवर येतो आणि दाखला बँकेकडे आपोआप जातो. इथे राहणाऱ्यांसाठी २०२० सालापासून पोस्टमन घरी येऊनही हे काम करून देतो. हे सगळे ज्यांनी उभे केले त्यांचे कौतुक करायला आम्हांला कमीपणा वाटत नाही.

पण परदेशातल्या पेन्शनरांचे काय? या सोयीच्या दारावरच आधार उभा आहे. पहिला आधार क्रमांक २०१० साली आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्याआधीच मुलांकडे गेलेल्या अनेकांनी आधार काढलेलेच नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याला भारतात आल्यावर ते काढता येते. पण ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले त्यांना आधी वर्षभरात १८२ दिवस भारतात राहिलेले असावे लागते. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाने आधारसाठी सहा महिने इथे येऊन राहायचे आणि ते कशासाठी, तर आपण तिथे जिवंत आहोत हे सांगण्यासाठी! मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने जीवन प्रमाणसाठी आधार ऐच्छिक असल्याचे जाहीर केले, हे चांगले झाले. पण ऐच्छिक म्हणजे कागदी दाखल्याचा मार्ग तितकाच सरळ असला पाहिजे. शाखांमध्ये मात्र उलट वारा आहे. डिजिटल आले म्हणून कागद जुना झाला, आणि कागदाचे नियम माहीत असणारी माणसे एकेक करून निवृत्त झाली.

आपल्या समाजाची म्हणून एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे बाहेरच्या कुणाचे लक्ष जाणार नाही. ती म्हणजे नावाची. आपल्याकडे जुन्या पिढीत लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे तर पाळण्यातले नावही बदलत असे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, नवऱ्याच्या सेवापुस्तकात दुसरे. त्यात गुजरातची पद्धत आडनाव आधी लिहिण्याची आणि आपली शेवटी लिहिण्याची. मधल्या नावात नवरा की वडील, हा घोळ वेगळाच. इंग्रजी स्पेलिंगची तर बातच नको. एकाच घरात 'गोखले' तीन तऱ्हांनी लिहिलेले आम्ही पाहिले आहे. नवरा असेपर्यंत हे चालून जाते. तो गेल्यावर कुटुंब पेन्शन पत्नीच्या नावे होते आणि मग पेन्शनच्या कागदावरची 'मालतीबाई', पासपोर्टवरची 'कुसुम' आणि आधारवरची 'कुसुमबेन' या तीन बायका एकच आहेत, हे सिद्ध करण्याची वेळ त्या बाईवर येते. इथे असेल तर ती शाखेत येऊन बसते, मॅनेजर ओळखतात, काम होते. ती मेलबर्नला असेल तर तिला कोण ओळखणार? परदेशातून दाखले परत येतात त्यांतले पुष्कळसे या कारणाने येतात, आणि दोष दाखल्यात नसतोच.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे महिन्याकडे वळू. नोव्हेंबर हा महिना सरकारच्या हिशेबाला सोयीचा असेल, परदेशात राहणाऱ्याला तो अजिबात सोयीचा नाही. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात तेव्हा थंडी सुरू झालेली असते, कुठे बर्फही पडू लागते. वकिलाती मोजक्या शहरांत आहेत. सगळ्या देशातले पेन्शनर एकाच महिन्यात तिथे जाऊ पाहतात. वकिलाती त्यासाठी देवळांत, गुरुद्वारांत, समाजमंदिरांत शिबिरे भरवतात, हे त्यांचे काम कौतुकाचे आहे. पण एक महिना आणि काही शिबिरे यांवर सगळी भिस्त ठेवली की काय होते, ते २०२४ साली कॅनडात दिसले. ३ नोव्हेंबर २०२४ रोजी टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमधल्या हिंदू सभा मंदिरात असे शिबिर चालू असताना खलिस्तानवादी निदर्शकांनी हिंसक गोंधळ घातला. त्या परिस्थितीतही हजारावर दाखले दिले गेल्याचे भारतीय उच्चायोगाने सांगितले, आणि ज्यांनी ते दिले त्यांना सलामच केला पाहिजे. पण चारच दिवसांनी, सुरक्षा यंत्रणांकडून किमान संरक्षणाचीही हमी मिळत नाही म्हणून, टोरांटोच्या वाणिज्य दूतावासाला पुढची काही शिबिरे रद्द करावी लागली. विचार करा. दोन देशांच्या भांडणाशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही असे सत्तर-ऐंशी वर्षांचे लोक केवळ हयातीच्या कागदासाठी तिथे आले होते. त्यांना वर्षभराची मुभा असती, तर ते जानेवारीत, मेमध्ये, केव्हाही गेले असते.

राज्य सरकारच्या पेन्शनरांची कोंडी आणखी विचित्र आहे. मे ते जुलै हे तीन महिने म्हणजे मुलांकडे जाण्याचा हमखास हंगाम. नातवंडांना सुट्टी असते, तिकडे हवा चांगली असते, इकडे उन्हाचा कहर असतो. एप्रिलमध्ये निघून सप्टेंबरात परतणारे आजी-आजोबा नेमके खराईच्या तीन महिन्यांतच बाहेर असतात. केंद्राचे पेन्शनर दिवाळीला गेले की अडकतात, राज्याचे उन्हाळ्यात गेले की अडकतात.

महिना बदलता येत नाही, असे मात्र नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या १९९५ च्या योजनेतले पेन्शनर वर्षात केव्हाही दाखला देऊ शकतात आणि तो दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. त्याने आभाळ कोसळलेले नाही. करोनाच्या काळात केंद्र सरकारने स्वतःच मुदत वाढवली होती. २०२० चा दाखला २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत स्वीकारला गेला आणि त्या मुदतीत पेन्शन चालू ठेवली गेली. ८० वर्षांवरील पेन्शनरांना एक महिना आधीची सवलत आहेच. म्हणजे नोव्हेंबर ही काळ्या दगडावरची रेघ नाही. गरज पटली की ती सरकते. बँकेच्या दृष्टीनेही बारा महिन्यांची पद्धत सोयीची आहे. आज सगळे काम एका महिन्यात कोसळते, ते वर्षभर विभागले जाईल आणि प्रत्येक दाखला नीट तपासायला वेळ मिळेल. संगणकात मुदत संपण्याची तारीख घालणे आणि दोन महिने आधी पेन्शनराला संदेश पाठवणे हे आजच्या बँकेला कठीण नाही. मुदतठेवीची मुदत आम्ही अशीच कळवतो. फसवणूकही यामुळे वाढणार नाही, कारण तपासणी आजच्यासारखीच वर्षातून एकदाच होईल, फक्त गर्दीत उरकायची ती सवडीने होईल.

या पैशाची खरी किंमत काय, हेही बोलले पाहिजे. कुणी म्हणेल, मुलगा डॉलरमध्ये कमावतो, दोन महिने पेन्शन आली नाही तर काय बिघडले? बिघडते ते असे. इथल्या खात्यातून सोसायटीचा मेंटेनन्स जातो, विम्याचा हप्ता जातो, मागे राहिलेल्या बहिणीच्या औषधाचे पैसे जातात. ते सगळे अडते. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. परक्या देशात, भाषा तोकडी, गाडी चालवता येत नाही, ओळखीचे कुणी नाही, अशा स्थितीत म्हाताऱ्या माणसाचे स्वतःचे म्हणावे असे जे काही उरते त्यात पेन्शन पहिली. नातवाच्या वाढदिवसाला आपल्या पैशाने काही देता येते, सुनेकडे मागावे लागत नाही, ही त्याची पाठ ताठ ठेवणारी गोष्ट आहे. विधवा आईच्या बाबतीत तर हे शतपटीने खरे. ती पेन्शन बंद पडली की आई बोलून दाखवत नाही, फक्त गप्प होते.

हे सगळे राजकारण्यांच्या कानावर का जात नाही, याचे उत्तर सोपे आहे. परदेशातल्या भारतीय नागरिकाचे नाव मतदार यादीत असू शकते, पण मत द्यायला त्याला इथे प्रत्यक्ष यावे लागते. ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले त्याला तर मतच नाही. जो मत देऊ शकत नाही त्याच्या तक्रारीला वजन नसते. म्हणून त्यांच्या वतीने इथे मत देणाऱ्यांनी, म्हणजे आपण, बोलले पाहिजे. बडोद्यात आपण संख्येने मूठभर असू, पण हा प्रश्न मराठी माणसापुरता नाही. चरोतरच्या पटेल कुटुंबात, सुरतेच्या देसाई घरात, गोव्यात, इंदुरात, हैदराबादेत तो तसाच आहे. जो प्रश्न शेजाऱ्याचाही आहे, तो मांडताना आवाज आपोआप मोठा होतो.

आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, वर म्हटल्याप्रमाणे, परदेशात राहणाऱ्या केंद्राच्या आणि राज्याच्या सर्व पेन्शनरांचा दाखला वर्षात केव्हाही घ्यावा आणि तो बारा महिने ग्राह्य धरावा. दुसरी, परदेशातून कुणाकुणाची सही चालते, ते प्रत्येक शाखेत हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत फलकावर लावावे. दाखला नाकारला तर कोणत्या नियमाखाली नाकारला, ते लेखी द्यावे. दाखला मिळाल्याची सहीची पोच देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने बँकांवर घातलेलेच आहे, आता नाकारल्याचीही पोच हवी. तिसरी, लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांसाठी एकदाच प्रतिज्ञापत्र घेऊन पेन्शनच्या नोंदीत दोन्ही नावे कायमची लावावीत, म्हणजे दर वर्षी नव्याने ओळख पटवायला नको. या मागण्यांचे निवेदन शहराच्या खासदारांना, राज्याच्या अर्थखात्याला आणि केंद्राच्या पेन्शन विभागाला देण्याचा ठराव येत्या सभेत यावा, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे. पेन्शनर संघटनांना बरोबर घ्यावे, सह्या गोळा कराव्यात, गुजराती बांधवांच्याही घ्याव्यात.

निवेदनाला उत्तर यायला वेळ लागतो, हे सांगायला नको. तोवर आपल्या हातात जे आहे ते तरी करू. घरात परदेशी जाणारे पेन्शनर असतील तर निघण्याआधी मुखत्यारपत्र करून त्याची प्रत शाखेत नोंदवा. पेन्शनचा कागद, पासपोर्ट, आधार आणि बँकेचे पासबुक यांवरची नावे एका ओळीत लिहून ताडून पाहा. फरक असेल तर माणूस इथे असतानाच तो निस्तरा, नंतर तो दसपट महाग पडतो. चेहऱ्यावरून दाखला देण्याचा सराव इथे असताना एकदा करून घ्या, आणि तरीही कागदी दाखल्याचा कोरा नमुना सामानात ठेवा. डिजिटल दाखला दिला की काम संपले असे समजू नका. पेन्शनच्या कागदाचा क्रमांक किंवा खाते क्रमांक चुकला तर दाखला पुढे नाकारला जाऊ शकतो, म्हणून आठवड्याने तो स्वीकारला गेला का, ते पाहा. कागदी दाखला दिला तर सहीशिक्क्याची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कोणत्याही शाखेत दाखला देता येतो, त्यामुळे एक शाखा अडली तर दुसरीत जा. आणि सगळे करूनही पेन्शन अडली तर केंद्राच्या पेन्शनरांनी पेन्शन विभागाच्या 'सीपेनग्राम्स' या तक्रार व्यवस्थेत तक्रार नोंदवा. तोंडी तक्रार हवेत विरते, क्रमांक पडलेली तक्रार कुणाला तरी मिटवावी लागते.

आपल्या मंडळानेही ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सभागृहात दोन तासांची मदत बैठक ठेवावी. बँकेत, पोस्टात, रेल्वेत काम केलेली माणसे आपल्यात भरपूर आहेत. तरुण मुले फोन हाताळतील, जुनी मंडळी कागद वाचतील. परदेशातल्या नातेवाइकांना त्याच वेळी फोनवरून जोडून घेता येईल. प्रस्तुत लेखक या कामासाठी दर शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात बसायला तयार आहे. ज्यांच्या घरातले दाखले परत आले असतील त्यांनी परतीच्या पत्राची झेरॉक्स जरूर आणावी. निवेदनाला तीच जोडायची आहे, कारण सरकारला आपल्या भावनांपेक्षा आपले कागद लवकर समजतात.